पेढ्याची वाटी

डोहाळेजेवणात ओटी भरून झाली, फुलांचे दागिने चढले, फोटो निघाले, की कुणीतरी काकू दोन झाकलेल्या वाट्या घेऊन पुढे येते. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. गरोदर बाईने एक वाटी उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पेढ्याला टाळ्या जास्त पडतात. बर्फी निघालीच तर एखादी आजी लगेच सावरून घेते, 'पहिली बेटी, धनाची पेटी.' दुसऱ्या खेपेला हे वाक्य फारसे कानावर येत नाही. कर्जतच्या वाड्यावस्त्यांपासून खोपोलीच्या चाळींपर्यंत हा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यात कुणाचे काही बिघडत नाही, असे आपण मानत आलो.

पुढे हेच दोन शब्द महाराष्ट्रातल्या काही दवाखान्यांत शिरले. गर्भाचे लिंग सांगणे गुन्हा ठरल्यावर सांगणाऱ्यांनी खुणा शोधल्या. पेढे वाटा, बर्फी आणा, सोमवारी या, शुक्रवारी या, निळ्या शाईची सही, लाल शाईची सही. डोहाळेजेवणातली वाटी रिकामी होऊन तिथे निकाल आला. हा प्रवास कसा झाला, आणि त्याच वर्षांत मुलगा घडवणारे जनुक शास्त्रज्ञांच्या हाती कसे लागले, या दोन गोष्टी मला नेहमी एकत्र सांगाव्याशा वाटतात. त्या एकमेकींपासून हजारो मैलांवर घडल्या, पण काळ एकच होता.

सुरुवात दिल्लीहून करावी लागते. १९७५ च्या सुमारास अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गर्भजल परीक्षा सुरू झाली. सोळाव्या-सतराव्या आठवड्यात आईच्या पोटातून सुई घालून गर्भाभोवतीचे पाणी काढायचे, त्यात तरंगणाऱ्या गर्भाच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांतली गुणसूत्रे मोजायची. हेतू होता आनुवंशिक दोष ओळखण्याचा. पण गुणसूत्रे मोजताना शेवटची जोडी आपोआप दिसते. एक्स-एक्स असेल तर मुलगी, एक्स-वाय असेल तर मुलगा. दोष नसलेल्या मुलींच्याही गर्भपाताची मागणी होऊ लागली, हे डॉक्टरांच्या लगेच ध्यानात आले. सत्तरीचे दशक संपण्याआधी केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी ही परीक्षा करायला बंदी घातली. खासगी दवाखान्यांना ती बंदी लागू नव्हती. मग परीक्षा अमृतसरला गेली आणि मुंबईला आली.

मुंबईत आली म्हणजे कर्जतच्या रुळांवर आली. मुंबईहून शंभर किलोमीटरवर कर्जत, त्यापुढे पंधरा किलोमीटरवर खोपोली. भोर घाट फोडून गाड्या पुण्याला जाण्याच्या कितीतरी आधी, १८५६ साली, खोपोलीपर्यंत रूळ पोचले होते. तेव्हापासून या भागाचा मोठा इलाज, मोठा बाजार आणि मोठी नोकरी मुंबईलाच. घाटाखालच्या माणसाला दादर पुण्यापेक्षा जवळचे वाटते. ऐंशीच्या दशकात लोकलच्या डब्यांत आणि भिंतींवर लिंगनिदानाच्या जाहिराती उघड लागत होत्या. आज काहीशे रुपये खर्च करा, उद्याचा हुंड्याचा मोठा खर्च वाचवा, असा त्यांचा सूर असे. दोन-सव्वादोन तासांच्या प्रवासात माणूस डब्यातले सगळे काही वाचून काढतो. लिहिता-वाचता येणाऱ्या कुणा सासऱ्याने, कुणा नवऱ्याने त्या ओळी वाचल्या नसतील, असे मला मानता येत नाही.

१९८२ मध्ये अमृतसरमध्ये चालणाऱ्या लिंगनिदानावरून वृत्तपत्रांत आणि संसदेत गदारोळ झाला. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या. मग आवाज थंडावला आणि दवाखाने चालूच राहिले. १९८५ मध्ये मुंबईत काही कार्यकर्त्या, डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि वकील एकत्र आले आणि लिंगनिदान व लिंगनिवड यांच्याविरुद्ध एक मंच उभा राहिला. औषधशास्त्राचे अध्यापक आर. पी. रवींद्र, अर्थशास्त्राच्या अभ्यासक विभूती पटेल ही त्यातली ठळक नावे. त्यांनी निव्वळ धिक्काराचे पत्रक काढले नाही. सभा घेतल्या, प्रदर्शने लावली, डब्यांतल्या जाहिरातींवर हरकत घेतली, मुलींचा हात धरून आईबापांचे मोर्चे काढले, आणि सरकारकडे आकडे मागितले.

आकडे कुणाकडेच नव्हते. मग राज्याच्या आरोग्य खात्याने पाहणी करवून घेतली. तेव्हाचे आरोग्य सचिव डी. टी. जोसेफ यांनी यात लक्ष घातले होते. काम डॉ. संजीव कुलकर्णी यांनी केले. १९८६ च्या या पाहणीत मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारले गेले. त्यांपैकी ४२ जण, म्हणजे शंभरात ८४, लिंगनिदानासाठी गर्भजल परीक्षा करत होते. त्या ४२ जणांकडे मिळून महिन्याला सरासरी २७० परीक्षा होत. बहुतेकांनी ती गेल्या पाचेक वर्षांतच सुरू केली होती. गिऱ्हाईक मुख्यतः मध्यम आणि वरच्या वर्गातले असले, तरी गरीब घरांतल्या बायकाही येतात, असे काही डॉक्टरांनी सांगितले. चोरून चालणारा हा धंदा नव्हता. पन्नासातल्या बेचाळीस जणांनी तो विचारणाऱ्याला उघड सांगितला. त्यांना त्यात गैर वाटत नव्हते आणि कायदाही गैर म्हणत नव्हता. त्या काळात आणखी एक आकडा सगळीकडे फिरत होता. मुंबईतल्या एका केंद्रात लिंग कळल्यावर झालेल्या ८,००० गर्भपातांत ७,९९९ गर्भ मुलींचे होते. हा आकडा विधिमंडळाच्या आवारातही पोचला.

१९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. शंकरराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. देशातला हा पहिलाच कायदा. प्रयोगशाळांची नोंदणी सक्तीची झाली, लिंग सांगणे आणि त्याची जाहिरात करणे हा गुन्हा ठरला. मंचातले लोक पूर्ण समाधानी नव्हते. परीक्षा करून घेणाऱ्या बाईलाही शिक्षेच्या कक्षेत ओढले होते आणि त्यांना ते अन्यायाचे वाटत होते. ज्या घरात जेवण काय करायचे हे ती ठरवत नाही, त्या घरात पोटातले मूल ठेवायचे की नाही हे ती एकटी ठरवते, असे कसे धरायचे? हा प्रश्न त्यांनी त्या वेळी विचारला. माझ्या मते त्या सगळ्या वादातला तोच सर्वांत खरा प्रश्न होता.

आता दुसरी गोष्ट.

बाप मुलाचे लिंग ठरवतो, हे विसाव्या शतकापर्यंत जगात कुणालाच ठाऊक नव्हते. आपल्या चरकसंहितेत शुक्राचे आधिक्य असेल तर पुत्र, आर्तवाचे असेल तर कन्या, असे सांगितले आहे. तिसऱ्या महिन्यातला पुंसवन संस्कार याच समजुतीवर उभा होता, की गर्भ अजून वळवता येतो. युरोपातही उष्णतेवर, अन्नावर, बाईच्या पोटाच्या कोणत्या बाजूला गर्भ राहिला यावर तर्क चालत. १९०५ मध्ये अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठातल्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मादीच्या पेशींत वीस मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशींत एकोणीस मोठी आणि एक अगदी छोटे. निम्म्या शुक्रपेशींत ते छोटे गुणसूत्र जाते, निम्म्यांत जात नाही. ज्या शुक्रपेशीत ते असते, तिच्यापासून नर होतो. याला पुढे वाय हे नाव पडले. स्टीव्हन्सबाई १९१२ मध्ये वारल्या. त्यांचे नाव कितीतरी वर्षे शाळेच्या पुस्तकांत आले नाही.

माणसात मात्र प्रश्न शिल्लक होता. वाय असल्यामुळे पुरुष होतो, की एक्स एकच असल्यामुळे? फळमाशीत एक्सची संख्या निर्णायक ठरते, तेव्हा माणसातही तसेच असेल, असे अनेकांना वाटे. १९५६ मध्ये माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत हे नक्की झाले आणि १९५९ मध्ये उत्तर मिळाले. दोन एक्स आणि एक वाय असलेली व्यक्ती पुरुष होती. एकच एक्स आणि वाय नसलेली व्यक्ती स्त्री होती. म्हणजे खूण वायवरच. तेव्हापासून शोध सुरू झाला, की त्या इवल्या गुणसूत्रावर नेमके कोणते जनुक हे काम करते.

हा शोध तीस वर्षे चालला आणि त्यात एकदा सगळ्या जगाने चुकीच्या दारावर टकटक केली. मुंबईत कायद्याचा मसुदा घडत होता त्याच दिवसांत, १९८७ च्या डिसेंबरात, अमेरिकेत डेव्हिड पेज यांच्या गटाने जाहीर केले की ते जनुक सापडले. त्याला झेडएफवाय म्हणतात. वर्तमानपत्रांनी मथळे दिले. दोन वर्षांत लंडनच्या गटाने असे पुरुष दाखवून दिले, ज्यांची गुणसूत्रे एक्स-एक्स होती, ज्यांच्यात वायचा एक छोटा तुकडा चिकटलेला होता आणि त्या तुकड्यात झेडएफवाय नव्हते. झेडएफवाय नसूनही ते पुरुष होते. दावा मागे पडला. मला या प्रसंगाचे मोल वाटते, कारण इथे चूक लपवली गेली नाही. तिच्यामुळेच खरी जागा लहान होत होत सापडली.

शेवटी वायवरचा अवघा ३५,००० अक्षरांचा पट्टा उरला. डीएनएची भाषा चार अक्षरांची. वाय गुणसूत्रात अशी सुमारे ६ कोटी २० लाख अक्षरे आहेत. त्या ६ कोटींतून ३५ हजारांवर येणे म्हणजे रायगड जिल्ह्यातला एक माणूस शोधताना एका गावाच्या मतदारयादीपर्यंत येऊन पोचणे. लंडनमधल्या इम्पिरियल कॅन्सर रिसर्च फंडात पीटर गुडफेलो आणि मिल हिलच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या गटांनी तो पट्टा चाळला. अँड्र्यू सिंक्लेअर यांच्या नावाने जुलै १९९० मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला. नव्या जनुकाचे नाव एसआरवाय.

पण नाव ठेवल्याने खात्री होत नाही. खात्री दोन बाजूंनी झाली. पहिली बाजू माणसांची. काही स्त्रिया अशा असतात, ज्यांची गुणसूत्रे एक्स-वाय असतात. वाढत्या वयात पाळी येत नाही म्हणून त्या तपासणीला येतात आणि तेव्हा हे कळते. त्यांतल्या काहींचे एसआरवाय जनुक तपासले तर त्यात बिघाड आढळला. कुठे एखादेच अक्षर बदललेले, कुठे चार गळलेली. त्यांच्या वडिलांचे तेच जनुक तपासल्यावर काहींत ते शाबूत निघाले, म्हणजे बिघाड त्या मुलीपासूनच सुरू झाला होता. ६ कोटी अक्षरांचे वाय गुणसूत्र शरीराच्या प्रत्येक पेशीत असूनही एका अक्षरामुळे ती मुलगी मुलगी म्हणून जन्मली, वाढली आणि जगली. दुसरी बाजू उंदरांची. १९९१ मध्ये पीटर कूपमन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या डीएनएमधला १४,००० अक्षरांचा तुकडा, ज्यात हे एकच जनुक होते, एक्स-एक्स गर्भात घातला. मादी व्हायच्या पिल्लांपैकी एक नर झाले. वृषणे तयार झाली, वागणेही नराचे. शुक्रपेशी मात्र तयार होत नव्हत्या, कारण त्यासाठी वायवरची इतर जनुके लागतात.

या जनुकापासून जे प्रथिन तयार होते ते लहान आहे. २०४ अमिनो आम्लांची साखळी, बस. तिच्या मधल्या सुमारे ऐंशी अमिनो आम्लांच्या भागाला एचएमजी बॉक्स म्हणतात. हा भाग डीएनएच्या गोफातल्या एका ठरावीक ठिकाणी अडकतो आणि तिथे गोफाला चांगलाच वाकवतो. एक्स-वाय स्त्रियांमध्ये सापडलेले बहुतेक बिघाड याच भागात आहेत. वाकवल्यामुळे काय होते? दूरदूर असलेल्या दोन जागा जवळ येतात आणि सतराव्या गुणसूत्रावरचे सॉक्स-९ नावाचे दुसरे जनुक जागे होते. पुढचे सारे काम सॉक्स-९ करते.

वेळही ठरलेली असते. गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा-मुलगी असा फरक शरीरात दिसतच नाही. जननग्रंथी एकसारख्या, दोन्हीकडे जाऊ शकणाऱ्या. नळ्यांच्या दोन्ही जोड्या हजर. पुरुषाला लागणारी एक, स्त्रीला लागणारी दुसरी. सहाव्या-सातव्या आठवड्यात एसआरवाय जोरात चालू होते आणि नंतर मंदावते. तेवढ्यात सॉक्स-९ पेटलेले असते. ग्रंथीतल्या पेशी वृषणाच्या होतात. त्यांतल्या काही पेशी एक संप्रेरक सोडून स्त्रीच्या नळ्या विरघळवतात, तर दुसऱ्या पेशी टेस्टोस्टेरॉन सोडून पुरुषाच्या नळ्या टिकवतात. भातरोप लावणीला आले की दोन-चार दिवसांत लावणी आटोपावी लागते, पाऊस थांबत नाही. तशी ही घाई असते. उंदरांत हे जनुक काही तास उशिरा चालू झाले तर वृषणाऐवजी अंडाशय होऊ लागते, हेही प्रयोगांत दिसले आहे.

एसआरवाय नसले की काय होते, याबद्दल जुन्या पुस्तकांत एक वाक्य सर्रास असे. काहीच झाले नाही तर मुलगी होते. पुढच्या संशोधनाने हे खोडले. अंडाशयालाही स्वतःची जनुके लागतात, ती स्वतः काम करतात, आणि एवढेच नाही, तर सॉक्स-९ ला दाबून धरतात. २००९ मध्ये प्रौढ उंदरीच्या अंडाशयातले फॉक्सएल-२ नावाचे एकच जनुक बंद केले, तर तिथल्या पेशी वृषणाच्या पेशींसारख्या होऊ लागल्या. म्हणजे मुलगी हे उरलेसुरले नाही. तेही तितक्याच कष्टाने घडवलेले, आयुष्यभर राखलेले शरीर आहे. हे वाचले तेव्हा मी थबकले. मुलगा म्हणजे मिळकत आणि मुलगी म्हणजे मुलगा न होणे, ही आपल्या घराघरातली भावना काही काळ पाठ्यपुस्तकांतही बसलेली होती.

'वंशाचा दिवा' हा शब्द या संदर्भात तपासून पाहावा असे मला वाटते. बापाकडून मुलाकडे जे जवळजवळ जसेच्या तसे जाते ते वाय गुणसूत्र. ते सगळ्या जनुकसंपत्तीचा पन्नासावा भाग आहे. त्यावर प्रथिने घडवणारी जनुके शंभराच्या आसपास, तर उरलेल्या गुणसूत्रांवर वीस हजारांच्या घरात. आजोबांचा रंग, उंची, आवाज, रक्तगट यांतले जे काही नातवंडांत उतरते ते मुलीच्या मुलांतही तितकेच उतरते. आणि एसआरवाय प्रथिन तर माणसामाणसांत जवळजवळ सारखेच आहे. कर्जतच्या ठाकरवाडीतल्या पोराचे, खालापुरातल्या मराठ्याचे आणि लंडनमधल्या गुडफेलोंचे ते २०४ मण्यांचे प्रथिन वेगळे ओळखता येणार नाही. ज्याच्यासाठी मुली नाकारल्या, ते कुळाचे खास असे नाही.

वाय कुळाची आठवण ठेवते हे मात्र खरे, आणि त्याचा दाखला आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. अलिबाग, पेण, रोहा या भागांत शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले जाणारे बेने इस्रायली ज्यू. किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे आणि घरात मराठी. आपण जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलो, असे ते सांगत आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि इथल्या लोकांचा, दोन्ही वारसा भरपूर आढळला. हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झालेले, आणि त्यात ज्यू वाटा पुरुषांकडून अधिक, इथला वाटा स्त्रियांकडून अधिक. म्हणजे त्या समाजाच्या शरीरातली कोकणाची माती बायकांनी आणली. वायने सांगितली ती निम्मीच कथा.

कायद्याकडे परत येते. महाराष्ट्रापाठोपाठ देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात बाईवर नवऱ्याची किंवा नातेवाइकांची सक्ती होती असेच न्यायालयाने धरून चालावे, अशी तरतूद आली. १९८५ च्या मंचाचे म्हणणे इतक्या उशिरा का होईना ऐकले गेले. पण तोवर गर्भजलाची सुई मागे पडून सोनोग्राफी यंत्रे तालुक्याच्या गावी पोचली होती. कायदा कपाटात राहिला. २००० मध्ये मुंबईची 'सेहत' व पुणे जिल्ह्यातली 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा राज्यांना जाग आली. २००३ मध्ये कायदा बदलला आणि गर्भ राहण्याआधी शुक्रपेशी निवडण्यालाही बंदी आली. अशा निवडीसाठी रोनाल्ड एरिक्सन यांनी १९७३ मध्येच वाय वाहणाऱ्या शुक्रपेशी वेगळ्या काढण्याची पद्धत मांडली होती. मुंबईच्या मंचाने स्थापनेपासूनच नावात 'लिंगनिवड' हा शब्द ठेवला होता. अठरा वर्षांनी तो शब्द कायद्यात आला. मुंबई उच्च न्यायालयात या कायद्याला आव्हान दिले गेले, की मूल मुलगा की मुलगी हे ठरवणे हा आमच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. २००५ मध्ये विनोद सोनी खटल्यात न्यायालयाने ते फेटाळले.

साताऱ्यात कार्यकर्त्या वर्षा देशपांडे गरोदर बायकांना बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवून दवाखाने पकडू लागल्या. त्या बायकांनी पोटातल्या मुलासकट हे धाडस केले, त्यांची नावे फारशी छापली गेली नाहीत. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारे उपकरण बसवले. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली निघाल्या. १९९१ मध्ये त्या ९४६ होत्या. बीडमध्ये ८०७. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात 'नकोशी', 'नकुसा' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली.

रायगडचा आकडा ९३५ होता. २००१ मध्ये ९३९. बीडशेजारी तो बरा दिसतो, आणि त्याचे श्रेय आपण सुशिक्षितांनी घेऊ नये. कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेला ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. तिथे लग्नात देज मुलाकडून मुलीकडे जाते. लावणी, मोळी, वीटभट्टी, रानातली भाजी, सगळीकडे बाईचा हात लागतो. देशभरात २०११ मध्ये आदिवासींमधले हेच प्रमाण ९५७ होते, सगळ्या देशाच्या ९१८ पेक्षा कितीतरी वर. ज्यांच्याकडे दादरच्या दवाखान्याचे पैसे नव्हते त्यांनी जिल्ह्याची लाज राखली, इतकेच म्हणून थांबणे मला बरोबर वाटत नाही. त्यांच्याकडे मुलीला नाकारण्याचे तितके कारणही नव्हते. जिथे गाडी, दुकान, सातबारा आणि हुंडा आला, तिथे कारण आले.

आणि १९९० मध्ये सापडलेले ते जनुक? ते पुन्हा आपल्याकडे आले, वेगळ्या वाटेने. १९९७ मध्ये डेनिस लो यांनी दाखवले की गरोदर बाईच्या रक्तात गर्भाचा डीएनए तरंगत असतो. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने तो मोजला, आणि मोजण्यासाठी खूण म्हणून एसआरवायच वापरले. तर्क साधा आहे. बाईच्या स्वतःच्या पेशीत वाय नाही. तिच्या रक्तात एसआरवाय दिसले तर ते पोटातल्या मुलाचेच. फक्त मुलग्यांना होणारे आनुवंशिक आजार ज्या घरांत आहेत, त्यांच्यासाठी ही परीक्षा वरदान आहे. पोटात सुई नाही, गर्भाला धोका नाही. पण जे १९८६ मध्ये सोळाव्या आठवड्यात, दवाखान्यात, पोटात सुई घालून कळत होते, ते आता सात-आठ आठवड्यांत हाताच्या शिरेतल्या रक्ताच्या एका नळीत कळू शकते. नळी टपालाने पाठवता येते. आपला कायदा याही परीक्षेला लागू आहे. यंत्र जप्त करता येते, नळी शोधणे अवघड.

कर्जतला किंवा खोपोलीला आज गरोदर बाई सोनोग्राफीला गेली, तर भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी मराठीत आणि इंग्रजीत असते. आत जाण्याआधी तिचा 'एफ' नमुना भरला जातो. तिचे नाव, वय, पत्ता, पाठवणारा डॉक्टर, सोनोग्राफीचे कारण. आधीची मुले किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, त्यांची वये काय. दोन मुलींची वये सांगणारी बाई तो रकाना भरून होईपर्यंत सहसा खाली पाहत असते. शेवटी एक प्रतिज्ञापत्र येते. या सोनोग्राफीतून मला माझ्या गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, अशा अर्थाचे. त्याखाली तिने सही करायची, येत नसेल तर अंगठा द्यायचा. अंगठा असला तर तो तिचाच आहे हे सांगणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचे, एवढेच तिच्या माणसाचे काम. ज्याच्या शुक्रपेशीतले गुणसूत्र हे सगळे ठरवून गेले, त्या नवऱ्याची प्रतिज्ञा त्या कागदावर नाही.